एका वेळी एकच काडतूस
(दहावी १९८० तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजक मंडळींनी मला फोनवर बजावलं होतं, "निवृत्तीनंतर काय करतोस त्यावर पंधरा मिनिटं बोल. पण नातवंडांवर बोलू नकोस, त्यावर सगळेच बोलणार आहेत." म्हणून मी बंदुकीवर बोलणार आहे. पहिल्या रांगेतल्या बाईंनी घाबरू नये. बंदूक इथे आणलेली नाही. ती बर्मिंगहॅमजवळच्या माझ्या घरी पोलादी कपाटात कुलूपबंद आहे, आणि किल्ली कुठे आहे ते माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तसा तिथला दंडकच आहे.

आधी एक प्रश्न. शाळेत असताना बीएसए सायकल कुणाकुणाकडे होती? हात वर करा बघू. बरेच आहेत. मला ती मिळाली नाही, मी काकांची जुनी सायकल वापरली. पण बीएसए म्हणजे काय, हे तेव्हा आपल्यापैकी कुणीच विचारलं नाही. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. बंदुका बनवणाऱ्या कारागिरांनी १८६१ मध्ये एकत्र येऊन काढलेली कंपनी. सायकली आणि मोटारसायकली नंतर आल्या. आपल्याकडच्या बीएसए सायकली मद्रासच्या कंपनीने बनवल्या, पण नाव आलं ते त्या बंदुकीच्या कारखान्यातून. पोरीबाळी ज्या सायकलवर शाळेत यायच्या, तिचं आडनाव बंदूकवाले होतं म्हणा ना.

आता माझी गोष्ट. तुमच्यापैकी जे माझ्याबरोबर पहिलीपासून होते त्यांना आठवत असेल की मी डावखुरा. पाटीवर डाव्या हाताने ग काढला म्हणून हातावर छडी बसली होती. जेवताना आजी डावा हात धरून ठेवायची. त्याबद्दल कुणाला दोष देत नाही. सगळ्याच डावखुऱ्यांचं तसं व्हायचं, आणि त्यामुळे आज मी दोन्ही हातांनी वाईट अक्षर काढू शकतो. पण एक गोष्ट उजवी करता आली नाही. माझा डोळा.

ही गंमत इथेच करून बघा. दोन्ही हात लांब करा, तळव्यांमध्ये छोटीशी फट ठेवा आणि त्या फटीतून स्टेजवरच्या त्या समईकडे बघा. आता एकेक डोळा मिटा. एक डोळा मिटल्यावर समई जागेवर राहील, दुसरा मिटल्यावर ती फटीतून निघून जाईल. जो मिटल्यावर समई निघून गेली, तो तुमचा मालक डोळा. हात जसा उजवा-डावा असतो तसा डोळाही असतो. माझा डावा आहे. हे मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळलं. नववीत कळलं असतं तर बरं झालं असतं.

नववीत एनसीसीचं फायरिंग होतं, जानेवारी १९७९. पहाटे ट्रकमधून गेलो होतो. थंडी अशी की खाकी हाफपँटमधून गुडघे निळे झाले होते. पंचवीस यार्डांवर लाकडी चौकटीला कागद लावलेले, मागे मातीचा ढीग. प्रत्येकाला पाच राउंड, एकही जास्त नाही, आणि नंतर पुंगळ्या मोजून परत द्यायच्या. 'ग्रुपिंग' मोजायचं, म्हणजे पाच छेद एकमेकांच्या किती जवळ पडले ते बघायचं. ज्यांचे सगळ्यात जवळ, ते पुढच्या कॅम्पला. मी पाच नंबरच्या जागेवर होतो. माझ्या डावीकडे चार नंबरवर आपल्याच वर्गातला एक जण. त्याचं नाव घेत नाही. तो तिसऱ्या रांगेत बसलाय आणि आता जरा सावरून बसला, ते मला इथून दिसलं.

मी झोपल्या झोपल्या दस्ता डाव्या खांद्याला लावला. हवालदारांनी येऊन तो उजव्या खांद्याला लावला. त्यांचंही बरोबर होतं, बोल्ट उजवीकडे असतो, ओळीत सगळे एका बाजूला हवेत. पण उजव्या खांद्यावर रायफल आणि बघणारा डोळा डावा! पहिल्या तीन गोळ्यांना मी डावा डोळा घट्ट मिटून धरला. चौथ्या-पाचव्याला पापणी थकली, डोळा उघडला आणि त्याने आपला कारभार सुरू केला. पाचवी सुटल्यावर मी नीट पाहिलं तर माशीच्या मागे जो कागद होता त्यावर चार आकडा होता.

पुढे इंजिनिअर झाल्यावर एकदा हिशेब केला. दोन डोळ्यांतलं अंतर सहा-साडेसहा सेंटिमीटर. डोळ्यापासून पुढची माशी पाऊण-एक मीटरवर. एवढा तिरपेपणा पंचवीस यार्डांवर जाईपर्यंत दीड-पावणेदोन मीटर होतो, आणि तोही डावीकडेच. दोन चौकटींमधलं अंतर साधारण तेवढंच होतं. म्हणजे माझा नेम काही वाईट नव्हता, फक्त शेजारच्या घरी जात होता.

चार नंबरच्या कागदावर सात छेद निघाले. पाच रुपयाच्या नाण्याने झाकतील असे, आणि दोन लांब. सरांनी विचारलं, "कुणी मारल्या याच्या टार्गेटवर?" पाच नंबरवर तीन छेद होते, तीन नंबरवरही तीनच, सहावर एक. बाकीच्या मातीत गेल्या असतील. त्यामुळे कुणाच्या, ते कागदावरून कळणं शक्य नव्हतं. सरांनी दोनदा विचारलं. मी बुटाच्या लेसकडे बघत होतो. सात छेदांतले पाच कुठले, हे ठरवता येईना, दुसऱ्यांदा द्यायला राउंड नव्हते, मागे दुसरी तुकडी उभी होती. सरांनी कागद बाद केला. सरांचा त्यात काही दोष नव्हता. कॅम्पला दुसरा कुणीतरी गेला. परतताना ट्रकमध्ये हा गडी माझ्या शेजारीच बसला होता. मला म्हणाला, "जाऊ दे लेका, तुझ्या तीन तरी लागल्या."

इथे मी थोडं पुढे जातो, आणि परत येतो.

१९८९ मध्ये नोकरीनिमित्त इंग्लंडला गेलो. पंचवीस वर्षं कारखाना, घर, मुलं. मग एका शनिवारी सहकाऱ्याने त्याच्या रायफल क्लबमध्ये पाहुणा म्हणून नेलं. विटांची लांबट शेड, आत पंचवीस यार्डांची रेंज, कोपऱ्यात चहाची किटली. असे क्लब तिथे गावोगाव आहेत, आणि त्याचं कारण युद्ध आहे. बोअर युद्धात आपल्या लोकांना नेम धरता येत नाही असं इंग्रजांच्या ध्यानात आलं. मग लॉर्ड रॉबर्ट्स यांच्यासारख्या सेनापतींनी साध्या कामकरी माणसाला स्वस्तात नेमबाजी शिकता यावी म्हणून छोट्या काडतुसाच्या क्लबांची चळवळ उचलून धरली. आज तिथे लष्कराचं कुणी नसतं. प्लंबर, नर्स, निवृत्त मास्तर आणि एक मी.

तिथल्या बाईंनी मला तीच हाताच्या फटीची परीक्षा दिली आणि सहजपणे म्हणाल्या, तुम्ही डाव्या खांद्यावरून मारा. इतकंच. मी डाव्या खांद्यावरून दहा गोळ्या मारल्या आणि दहाही माझ्याच कागदावर लागल्या. त्या दिवशी घरी जाताना गाडी बाजूला घेऊन मी थोडा वेळ थांबलो होतो.

मग स्वतःची रायफल घ्यायचं ठरवलं. आता तिथे बंदूक विकत घेणं म्हणजे काय, ते सांगतो. आधी मान्यताप्राप्त क्लबमध्ये किमान तीन महिने उमेदवारी. मग पोलिसांकडे अर्ज. ओळख देणारे दोन जण, डॉक्टरांकडे चौकशी, आणि बंदूक कशासाठी हवी याचं सबळ कारण. स्वसंरक्षण म्हटलंत तर अर्ज तिथेच संपतो. मग अधिकारी घरी आले, कपाट भिंतीला नीट ठोकलंय का ते हलवून पाहिलं, आणि माझ्या बायकोला विचारलं, "किल्ल्या कुठे असतात?" ती वैतागून म्हणाली, "मला कुठे सांगतो हा काही!" अधिकारी खूश. आमच्या संसारात माझ्या न सांगण्याचं असं कौतुक पहिल्यांदाच झालं. प्रमाणपत्र पाच वर्षांचं, त्यावर कुठल्या प्रकारची किती हत्यारं, काडतुसं एका वेळी किती घ्यायची आणि घरात किती ठेवायची, सगळं लिहिलेलं.

नवी ऑलिम्पिक दर्जाची रायफल काही हजार पौंडांना पडते. तेवढे पैसे या हौसेवर घालवायची माझी तयारी नव्हती, आणि बहुतेकांचा बोल्ट उजवीकडे. मग क्लबमधल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं, डावखुऱ्याने जुनी बीएसए मार्टिनी शोधावी. मी म्हटलं, बीएसए? सायकलवाली?

मार्टिनीची रचना फार सुंदर आहे. तिला बाजूला बोल्टच नाही. खाली, चापाच्या मागे एक तरफ असते. ती खाली ओढली की नळीच्या तोंडावरचा पोलादी ठोकळा पुढून खाली झुकतो, झाकण उघडावं तसा. त्यावरच्या खाचेत एक काडतूस ठेवायचं, अंगठ्याने आत सारायचं, तरफ वर. ठोकळा बंद, घोडा चढलेला. मारल्यावर तरफ पुन्हा खाली ओढली की रिकामी पुंगळी मागे उडते. ती उजव्याची की डाव्याची, हे रायफलला माहीतच नाही. पीबॉडी नावाच्या अमेरिकनाची मूळ कल्पना, मार्टिनी या स्वित्झर्लंडमधल्या कारखानदाराने सुधारलेली. १८७१ मध्ये ती मोठ्या काडतुसासाठी ब्रिटिश फौजेत गेली, आणि फौजेतून गेल्यावर तिची छोटी बहीण क्लबांमध्ये आली. तीत मॅगझिन नाही. एक काडतूस, एक गोळी, पुन्हा पहिल्यापासून.

काडतूसही छोटं, पॉइंट टू टू, म्हणजे साडेपाच मिलिमीटरच्या आसपास. याला रिमफायर म्हणतात, कारण पेट घेणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेत भरलेला असतो. टोला मध्यावर नाही, काठावर बसतो. त्यामुळे जुनी रायफल घेताना एक गोष्ट बघावी लागते. आधीच्या मालकाने काडतुसाशिवाय उगाच चाप ओढायची सवय ठेवली असेल, तर टोला थेट नळीच्या काठावर बसून तिथे खाच पडते. मग काडतूस नीट बसत नाही.

मी तीन रायफली नाकारल्या. पहिली बाहेरून नव्या नवरीसारखी, नळीला ताजा काळा मुलामा. आत उजेड पाडून पाहिलं तर गंजाचे खड्डे. जुन्या काळच्या काडतुसांच्या मसाल्यातले क्षार नळीत राहायचे, आणि ज्याने त्याच संध्याकाळी साफ केली नाही त्याची नळी गेली. दुसरीच्या तोंडाशी सफाईच्या सळईने घासून काठ एका बाजूला झिजला होता. गोळी नळी सोडताना शेवटचा स्पर्श त्या काठाला होतो, तो वाकडा तर सगळं वाकडं. तिसरीचा विक्रेता फार गोड बोलत होता, म्हणून नाही घेतली. ही आपल्या गुजरीतली सवय.

चौथी मॉडेल १२. दोन महायुद्धांच्या मधली, साधा अक्रोडाचा दस्ता, एकोणतीस इंची नळी, वजन चार किलोच्या घरात. मालक चौऱ्याऐंशी वर्षांचे, नजर गेलेली. त्यांनी किंमत सांगितली दीडशे पौंड आणि म्हणाले, आधी दहा मारून दाखवा. मी डाव्या खांद्याला लावली तसे ते थोडे पुढे सरकले. दिसत नव्हतं, पण तरफेचा आवाज ऐकत होते. मी घाईघाईने तरफ ओढली की मान हलवायचे. दहा झाल्यावर त्यांनी कागदावरून बोट फिरवलं आणि छेद चाचपून पाहिले. मी घासाघीस केली, अर्थातच केली. ते एक पेनीही खाली आले नाहीत. पण पार्कर-हेलची मागची दुर्बिणीसारखी छिद्राची साइट, दंडात अडकवायचा चामड्याचा पट्टा आणि चाळीस वर्षांच्या गुणांच्या वह्या फुकट दिल्या. माझ्या प्रमाणपत्रावर त्यांनी चाचपडत स्वतःच्या हाताने नोंद केली. दोघांनीही सात दिवसांच्या आत पोलिसांना कळवायचं असतं, ते त्यांनी मला तीनदा बजावलं.

नंतर मी मुद्दाम स्मॉल हीथला जाऊन आलो. तिथल्या आर्मरी रोडवर हिचा कारखाना होता. १९ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्ब पडले आणि रात्रपाळीचे त्रेपन्न कामगार गेले. रस्त्यावर उभं राहिल्यावर त्यातलं काही दिसत नाही. आसपास किराणा आणि मिठाईची दुकानं, आपल्याच उपखंडातली माणसं. एका दुकानात जिलबी खाऊन परत आलो.

रायफल आता माझ्याकडे सात वर्षं आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ. झोपून मारायचं, पट्टा दंडात घट्ट, इतका की नाडीचा ठोका माशीत दिसतो. श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं, चाप. मागच्या साइटची एक कट्‌ म्हणजे पंचवीस यार्डांवर दीड-पावणेदोन मिलिमीटर. कागदावर दहा वर्तुळं, प्रत्येकात एकच गोळी, शंभरपैकी गुण. माझा सर्वोत्तम सत्त्याण्णव. चांगले लोक शंभर मारतात, मी त्यांच्याशी चहापुरतं बोलतो. डावखुरा असल्यामुळे मला कायम उजव्या टोकाची जागा मिळते, नाहीतर माझे पाय शेजाऱ्याच्या पायांत अडकतात.

आता परत येतो.

दोन वर्षांपूर्वी लीगचा सामना होता. तिथे हे सामने टपालाने होतात. आपापल्या रेंजवर मारायचं आणि कागद गुण मोजणाऱ्याकडे पाठवायचे. माझ्या डावीकडे सतरा वर्षांची एक मुलगी, आणि तिचा दिवस फार चांगला चालला होता. माझी सातवी गोळी सुटली, आणि मला कळलं. माझं सातवं वर्तुळ कोरं. तिच्या एका वर्तुळात दोन छेद. या खेपेला डोळ्याचा दोष नव्हता, निव्वळ गाफीलपणा, पट्टा सैल झाल्यावर मी पुन्हा लोळून बसलो होतो. तिने दुर्बिणीतून पाहिलं, मान वर केली, पुन्हा पाहिलं. रेंजवर कुणी बघितलेलं नव्हतं. आणि मित्रांनो, साठीला आलेला मी, दोन सेकंद बुटाच्या लेसकडे बघितलं. मग हात वर केला आणि म्हणालो, "ती माझी."

रेंज अधिकाऱ्याने नोंद केली. माझे गुण गेले, तिचे राहिले. ती "थँक्स" म्हणाली आणि पुन्हा नेम धरला. दोन शब्दांचं काम होतं ते.

त्या रात्री मी घरी जाऊन आंतरराष्ट्रीय नियमावली काढून वाचली. दुसऱ्याची गोळी तुमच्या टार्गेटवर आली आणि तुमची कुठली हे ठरवता आलं नाही, तर त्यातली सगळ्यात जास्त गुणांची तुमची धरतात. संशयाचा फायदा ज्याच्या कागदावर गोळी आली त्याला. म्हणजे ऑलिम्पिकमध्ये असता तर सात छेदांतले चांगले पाच तुझेच ठरले असते. पण ते आंतरराष्ट्रीय नियम, आणि ते ग्रुपिंग. तिथे नियम नाही, मी बोलायला हवं होतं.

चार नंबर, ते दोन लांबचे छेद माझे होते.

त्या कॅम्पमुळे तू फौजेत गेला असतास, असं मी म्हणणार नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही, आणि तू एसटीत तीस वर्षं एकही अपघात न करता गाडी चालवलीस, हे मला तुझ्या मुलीने सांगितलं. पण कॅम्पला तू जायला हवा होतास. पाच नाण्याखाली झाकतील असे छेद मी त्यानंतर आजवर मारलेले नाहीत.

थोडी वेळ शिल्लक आहे, तर मला कायम विचारलं जातं ते सांगून टाकतो. इथे हे करता येतं का? येतं. परवान्याचे नियम इथेही कडक आहेत, पण नेमबाजी संघटना आहेत, रेंज आहेत, आणि सुरुवात एअर रायफलने होते. अंजली भागवत एनसीसीतूनच पुढे आल्या. आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये विश्वविजेत्या झाल्या, त्या याच छोट्या काडतुसाच्या रायफलने. आणि १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसळेंनी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्य मिळवलं, तेव्हा मी इंग्लंडमध्ये टीव्हीसमोर उभा होतो. त्यात रायफलमध्ये एका वेळी एकच काडतूस भरतात. दहाचं वर्तुळ पन्नास मीटरवर १०.४ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर आपल्या महाराष्ट्राच्या माणसाचं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक ते. ज्यांची नातवंडं इथे शाळेत आहेत, त्यांनी एकदा ती हाताच्या फटीची परीक्षा घरी घ्यावी. पोरगं डावं निघालं तर तसंच राहू द्यावं.

मागच्या टेबलावर एक पाकीट ठेवलंय, त्यावर फक्त 'चार नंबर' असं लिहिलं आहे. आत क्लबचा एक कोरा कागद आहे, दहा वर्तुळांचा, आणि त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या मालकांच्या वह्यांतली एक जुनी वही. तुझ्यासाठी आणलाय. पाकीट घेताना मला शिव्या घालायच्या असतील तर जेवणानंतर घाल, पंगत आता लागेल.